खालचे सूर

आत्तार सर गेल्या भाद्रपदात गेले. त्यांचे खालचे सूर मात्र त्याच्या बऱ्याच आधी गेले होते, आणि मला सरांची आठवण येते ती नेहमी त्या आधीच्या जाण्यापासून सुरू होते. माणूस गेला की दारात चपला साचतात, कोणी चहा ठेवतं, कोणी फोन करत बसतं. सूर गेले तेव्हा असं काही झालं नाही. ते घरातल्या घरात गेले, आणि जवळजवळ वर्षभर आम्ही सगळे त्याचं कौतुक करत राहिलो.

अन्वर आत्तार लोणावळ्याच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी नकाशात दिशा ओळखायला शिकवलं होतं. बाजारात निघाले की भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ‘सर’ म्हणून हात वर करत. पण शनिवार-रविवारी संध्याकाळी हेच सर काळा सदरा घालून तुंगार्लीच्या बाजूच्या एका हॉटेलात बास गिटार वाजवतात, हे फार थोड्यांना माहीत होतं. त्यात नवल नाही. लग्नाच्या स्वागत समारंभात लोक गाणाऱ्या मुलीकडे बघतात, ड्रमवाल्याकडे बघतात. चार जाड तारांचं, लांब मानेचं वाद्य घेऊन मागे उभा असलेला माणूस कुणाच्याच फोटोत येत नाही.

मी गावातल्या वाचनालयात काम करते. सर आमचे जुने सभासद. प्रवासवर्णनं नेत, वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत आणि परत देताना कव्हर काढून घडी करून खिशात ठेवत. पुस्तकात एक रेघ मारत नसत. पण टेबलापाशी येऊन हळू आवाजात सांगत, “बाई, यातल्या नकाशात नदी उलटी वाहते आहे. पुढे कुणी नेलं तर सांगून ठेवा.” मी खरंच सांगत असे. लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघत.

एकदा सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मी त्या हॉटेलात गेले होते. जेवताना गाण्यांकडे माझं लक्ष नव्हतं. मधेच एका जागी पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. लिफ्ट सुटते तेव्हा होतं तसं. मी मान वळवून बघितलं तर मागे सर उभे. पुढच्या वेळी ते पुस्तक बदलायला आले तेव्हा मी हे सांगून विचारलं, ते काय होतं. त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.” आणि जाताजाता, जणू पुस्तकाचीच गोष्ट असावी तसं, “गुरुवारी कुसगावला घरी या. बोटं बघू तुमची.”

चाळिशी उलटलेल्या बाईने बास गिटार शिकावं याचं आमच्या घरी हसं झालं. सरांच्या घरी झालं नाही. कुसगावात मुख्य रस्त्यापासून जरा आत त्यांचं बैठं घर होतं, पुढे पडवी. तिथे गुरुवारी आम्ही दोघं असायचो. मी आणि औंढ्याचा दत्ता ठोंबरे. दत्ताची स्वतःची बेंजो पार्टी. लग्नाच्या, हळदीच्या मिरवणुकीत टेम्पोवर उभं राहून तो बास वाजवायचा, एरवी भातशेती बघायचा. बोटं अशी की माझ्या दोन बोटांचं एक व्हावं. मला तो ‘मॅडम’ म्हणायचा आणि माझं वाजवणं ऐकून अतिशय सभ्यपणे पडवीबाहेर बघायचा.

सरांच्या शिकवण्याच्या काही रीती होत्या. मनगटावरचं घड्याळ काढून आधी खिशात टाकायचं, लाकडाला घासू नये म्हणून. तारा जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायच्या, वाजवायच्या आधी आणि नंतरही. अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नाही. विजेशिवाय या वाद्याचा आवाज जेमतेम हातभर जातो. सर गिटारच्या वरच्या टोकाला हनुवटी टेकवून बसत, म्हणजे सूर लाकडातून थेट हाडात येतो. आम्हीही तसेच बसत असू. पडवीत तिघंजण वाद्यांना हनुवट्या टेकवून, डोळे मिटून गप्प बसलेले. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, इथे दातदुखीचे रुग्ण आले आहेत.

आणि ते कधी ‘चुकलं’ म्हणत नसत. सूर भलतीकडे गेला की म्हणत, “बरं, इथे आलात. आता इथून जाल कुठे?”

पहिली दोन-तीन वर्षं साध्या गोष्टींत गेली. मग एका गुरुवारी त्यांनी आल्टर्ड कॉर्ड काढले. ते खरं त्यांचं प्रेम. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. तेच सूर एकामागून एक, जिना चढावा तसे सुटे वाजवले की झाला अर्पेजिओ. गाण्यात एक कॉर्ड असा असतो की तो आला म्हणजे आता घर जवळ आलं, हे कुणालाही कळतं. आल्टर्ड म्हणजे त्या जिन्याच्या काही पायऱ्या मुद्दाम अर्ध्या सुराने वर किंवा खाली सरकवायच्या. पाय ठेवावा तिथे पायरी नसते, जरा बाजूला असते. घर जवळ आहे हे अजूनही कळतं, पण पाऊल अधांतरी राहतं. मला त्या लग्नात झालं होतं ते हेच.

हे समजावायला ते आम्हाला घरामागच्या चढावर घेऊन गेले. भुरभुर पाऊस होता. म्हणाले, हा जो थेंब माझ्या हातावर पडतो आहे तो इथून इंद्रायणीत जाईल, भीमेत जाईल, आणि सगळा देश ओलांडून पूर्वेच्या समुद्राला मिळेल. हाच थेंब वाऱ्याने त्या डोंगरधारेपलीकडे पडला असता तर संध्याकाळपर्यंत कोकणात. थेंबात काही फरक नाही. सरकवलेल्या सुराचंही तसंच असतं. अर्धं पाऊल इकडे उतरला तर एक घर, तिकडे उतरला तर दुसरं.

“आन् उतरलाच न्हाई तर?” दत्ताने विचारलं.

“तर तिथेच भिजत उभा राहील,” सर म्हणाले. “उभं राहायलाच शिकायचं आहे.”

म्हणून त्यांचा नियम असा, की हे अर्पेजिओ शिकताना शेवटचा, सुटकेचा सूर वाजवायचा नाही. लगेच सोडवलं की हात शेवटाकडे डोळा ठेवून वाजवतो, मधल्या सुरांवरून नुसता धावतो. जी, मग बी, मग अर्ध्याने वर ढकललेला डी, मग एफ, मग ए फ्लॅट, म्हणजे अर्ध्याने खाली आणलेला ए, आणि वर तसाच बी फ्लॅट. हे सगळे सूर गिटारच्या मानेच्या अगदी टोकाला, पहिल्या तीन फ्रेटमध्ये, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घरांत मिळतात, पण तिथे फ्रेट सगळ्यात रुंद. तळहात फाटल्यासारखा ताणतो. प्रत्येक सूर आधी तोंडाने म्हणायचा आणि मगच तार छेडायची. वर जाऊन थांबायचं. परत खालून. तास तास आम्ही त्या न उतरलेल्या सुरावर बसून असू.

सगळ्यात जास्त त्रास व्हायचा रेहानाभाभींना. त्या सरांच्या पत्नी; पूर्वी बालवाडी चालवत, आता गुडघ्यांमुळे घरीच असत. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज यायचा, “अहो, सोडा की आता त्याला घरी. माझी फोडणी जळायला लागली.” सर सोडत नसत. मग भाभी आतून स्वतःच तो राहिलेला सूर मोठ्याने म्हणून टाकत आणि भांडी वाजवायला लागत. त्यांचा सूर नेहमी बरोबर असे. सर खाली बघून हसत.

दत्ताने एकदा हे ज्ञान हळदीच्या मिरवणुकीत वापरलं. नाचाच्या गाण्यात, ठेका परत समेवर येण्याआधी, त्याने एक सूर अर्ध्याने वर सरकवून ठेवला आणि मनात खूश झाला. नवरदेवाचा मामा नाचता नाचता थांबला, टेम्पोपाशी आला आणि म्हणाला, “ए, तुजं यंत्र बिगडलंय का?”

“न्हाई मामा, ह्यो आल्टर्ड हाय.”

“मंग दुरुस्त कर की. लगीन हाय हितं.”

दत्ताने हे सांगितलं तेव्हा सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. त्यानंतर आमच्यापैकी कुणी काही धाडसी वाजवलं की ते गंभीर चेहऱ्याने विचारत, “यावर मामा काय म्हणाले असते?” आम्ही त्या मामाला हसत असू. आता वाटतं, आमच्यात तेवढा एकच माणूस सरळ कानाने ऐकणारा होता.

पुढच्या वर्षी सरांच्या हॉटेलातल्या वाजवण्यात काहीतरी बदलायला लागलं. आम्ही अधूनमधून जाऊन मागच्या बाजूला बसत असू. अगदी साध्या, जुन्या गाण्यांतही ते अचानक असा सूर घेत की अंगावर काटा यावा. कीबोर्ड वाजवणारा किशोर त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं वाजवत होता. तो मला म्हणाला, “सर आता फार पुढचं वाजवायला लागलेत. मला पकडता येत नाही, मी हात उचलून घेतो आणि ऐकतो.” एका पाहुण्याने मॅनेजरकडे तक्रार केली की मागचा म्हातारा बेसूर आहे. आम्हाला त्याची कीव आली. सरांनी आम्हाला जे कान दिले होते त्या कानांनी आम्ही ऐकत होतो, आणि त्या कानांना प्रत्येक सरकलेला सूर मुद्दाम सरकवलेला वाटत होता.

घरात भाभींना वेगळंच दिसत होतं. दारात सिलिंडरचा टेम्पो येऊन घरघरत उभा राहिला तरी सर पुस्तकातून मान वर करत नसत. आत चमचा पडला तर मात्र “काय पडलं?” म्हणून विचारत. रेल्वेची मालगाडी घाट चढते तेव्हा आमच्याकडे खिडक्यांच्या काचा थरथरतात. सर एकदा म्हणाले, “हल्ली मालगाड्या कमी झाल्या का?” भाभींनी ते थट्टेवारी नेलं.

मग तो गुरुवार आला. आदल्या शनिवारी आम्ही दोघं हॉटेलात जाऊन आलो होतो. दत्ता अजून त्याच धुंदीत होता. त्याने गिटार पिशवीतून काढायच्या आतच बोलायला सुरुवात केली.

“सर, त्या शेवटच्या गाण्याला तुमी शेवटून दुसऱ्या कॉर्डला एफच्या जागी एफ शार्प घेतला ना, आमी तर गारच पडलो. मॅडमना इचारा. लय म्हंजे लयच भारी.”

सर बनियनच्या तुकड्याने तार पुसत होते. ते थांबले.

“मी एफ घेतला होता,” ते म्हणाले.

दत्ता हसला. त्याला वाटलं, सर परीक्षा घेताहेत. म्हणाला, न्हाई सर, एफ शार्प व्हता, मी ऐकलाय. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एफपेक्षा अर्ध्याने वरचा एफ शार्पच होता. तो त्या कॉर्डचा सरकवलेला सूर म्हणून शोभूनही दिसत होता, म्हणून तर आम्ही गार पडलो होतो.

सर उठले, पडवीच्या खांबाकडे तोंड करून आमच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. म्हणाले, “दत्ता, अ‍ॅम्प्लिफायर लाव. सगळ्यात जाड तार. एक सूर वाजव, थांब, मग दुसरा.”

दत्ताने एफ वाजवला. थोडं थांबून एफ शार्प वाजवला. पडवीतली फरशी हलकी थरथरली.

“दुसरा वाजव म्हटलं,” सर पाठमोरेच म्हणाले. “तोच काय परत वाजवतोस.”

दत्ताची बोटं तारेवर तशीच राहिली. त्याने माझ्याकडे बघितलं.  आतून भाभी येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ होतं. सर वळले, आणि आमच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय ते कळलं. ते खुर्चीत बसले. 

मग भाभीच म्हणाल्या, “हल्ली माझं सगळं ऐकू येत होतं ह्यांना. तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

सर हसले. अगदी खरं हसले. आणि मग दत्ताला म्हणाले, “किती दिवस?” दत्ता रडकुंडीला येऊन सांगू लागला, की आमाला काय म्हाइत सर, आमाला वाटलं तुमी मुद्दाम. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. “तुमचा दोष नाही रे. मी तुम्हाला हे शिकवलं नसतं, तर तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”

हे वाक्य ते रागाने बोलले नाहीत. नदी उलटी वाहते आहे, हे सांगताना जसे बोलत, तसेच बोलले.

पुण्याच्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेले होते. आतल्या कानात पाण्याचा दाब वाढतो, चक्कर येते, आणि या दुखण्यात ऐकू येणं बहुधा खालच्या सुरांपासून कमी होतं, असं त्यांनी सांगितलं. उजव्या कानाचं बरंच झालं आहे, डावाही त्याच वाटेवर आहे. कधी सुधारल्यासारखं वाटेल, मग परत जाईल. एकच सूर दोन कानांना दोन वेगळे सूर म्हणूनही ऐकू येईल. सर नकाशा वाचावा तसे त्या तपासणीच्या आलेखाकडे बघत होते. डावीकडे खोल गेलेली रेघ उजवीकडे वर चढत होती.

“म्हणजे कोकण गेलं,” ते म्हणाले. “घाटमाथा शिल्लक आहे.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी धीर दिला, की बोलणं तुम्हाला बरीच वर्षं ऐकू येईल, रोजच्या व्यवहाराला अडचण नाही. सर त्यांना सभ्यपणे धन्यवाद देऊन उठले आणि उठताना टेबलाची कड धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. परतीच्या लोकलमध्ये मळवलीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “बाई, या दुखण्याने आधी विचारलं असतं की वरचे सूर हवेत का खालचे, तर मी वरचे, बोलण्याचे दिले असते.”

हॉटेलातल्या मंडळींनी त्यांना सोडायचं नाही असं ठरवलं. किशोर घरी आला होता. चांगला माणूस. त्याने पडवीत बसून, चहा घेत, अडखळत सगळी योजना सांगितली. बासचे सूर तो कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवेल. सरांनी नेहमीच्या जागी उभं राहायचं, गिटार गळ्यात, पण तिची वायर स्पीकरला जोडायची नाही. कुणाला कळणार नाही. सर आमच्याबरोबर असले म्हणजे झालं.

सरांनी त्याचा खांदा दाबला. “उद्या बोलावलंस तर मी येऊन उभा राहीन, किशोर. पण मग हात मोकळे असतील.”

त्यानंतर ते त्या हॉटेलात गेले नाहीत. काळा सदरा भाभींनी धुऊन कपाटात ठेवला.

मला वाटलं होतं, आता गुरुवार संपले. संपले नाहीत. उलट ते जास्त कडक झाले. सर रोज सकाळी तेच आल्टर्ड अर्पेजिओ घेऊन बसत, बाराही सुरांवरून, आणि आम्हालाही घ्यायला लावत. पूर्वी डोळे मिटून ऐकत, आता डोळे उघडे ठेवून आमची बोटं बघत. माझी करंगळी फ्रेटच्या जरा मागे पडली की लगेच सांगत, हा सूर कुरकुरला असणार. तो कुरकुरलेला असे. पण बोटं बरोबर पडली तर तिथून पुढचं त्यांना काही कळत नसे. मग ते माझ्या गिटारच्या लाकडावर तळहात ठेवत. मी एकदा विचारलं, हाताला कळतं का कुठला सूर आहे ते. ते म्हणाले, “कुठला ते नाही कळत. घरात कुणीतरी आहे एवढं कळतं.”

खरी पंचाईत त्यांच्या स्वतःच्या वाजवण्याची होती. पन्नास वर्षांचा हात, तो चुकणार कसा, असं मला वाटे. पण कान राखणीला नसला की हात हळूहळू जागा सोडतो. बोटं ताठर झाली होती, चक्कर येऊन गेल्यावर तर ती फ्रेटवर नेमकी टेकत नसत. एखादा सूर सरके, सरांना ते समजत नसे, आणि ते शांतपणे पुढे जात. आम्ही दोघं तोंड शिवून बसत असू. एका गुरुवारी त्यांनी मधेच गिटार मांडीवर आडवी टाकली.

“दत्ता, तू फार वाईट नट आहेस. मी चुकलो की तू छताकडे बघतोस.”

दत्ता म्हणाला, “सर, मी आपलं पाल बगत व्हतो.”

“आणि बाई, तुमचा चेहरा तुमच्या मनाविरुद्ध बोलतो. डावी भुवई आत ओढली जाते. माझ्या शाळेतल्या मुलांना मी जितका कंटाळलो नसेन तितका मी तुमच्या या दयेला कंटाळलोय. यापुढे चेहरा सरळ ठेवायचा नाही. जे होईल ते होऊ द्या. मला तेवढंच उरलंय.”

त्या दिवसापासून नवी रीत पडली. दत्ताला छताकडे बघायला मनाई झाली आणि मला सरांच्या समोर, हातभर अंतरावर, स्टुलावर बसवलं. ते वाजवायचे आणि माझ्याकडे बघायचे. जी. बी. सरकवलेला डी. माझा चेहरा हलला की त्यांचं बोट थांबायचं, एक फ्रेट पुढे किंवा मागे व्हायचं, आणि माझी भुवई सुटेपर्यंत ते थांबायचे. मग पुढचा सूर. सुरुवातीला मला इतका संकोच वाटायचा की घरी जाऊन माझी मान दुखायची. कुणी इतकं बघतंय म्हटल्यावर चेहऱ्याला चेहरा राहणंच कठीण जातं. पुढे सवय झाली. पण ऐकण्यातली मजा माझ्यापुरती संपली. पूर्वी त्या अवघड सुरांत मी स्वतःला सोडून देत असे. आता मला सतत ठरवावं लागे, हा सूर जागेवर आहे की नाही. सरांच्या आणि माझ्या वाट्याचं ऐकणं मला एकटीला करायचं होतं, आणि मला ते सरांच्या अर्ध्यानेही येत नव्हतं.

भाभी कधीकधी येऊन बघत. त्यांनी आता आतून शेवटचा सूर म्हणणं बंद केलं होतं. का, ते मी विचारलं नाही. एकदा दत्ता उशिरा येणार होता, सर आत हात धूत होते, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “ताई, हे रोज सकाळी वाजवतात ना, तेव्हा मला समोर बसवतात. मला कळतं हो कुठे चुकतंय ते. पण मला नाही चेहरा करता येत. मी आपली हसत बसते.” आणि पदराने त्यांनी डोळे टिपले. सर बाहेर आले तेव्हा त्या त्यांच्यावर ओरडल्या, की टॉवेल परत पलंगावर टाकला असेल.

उन्हाळ्यात डाव्या कानाचंही बरंच गेलं. आता आमच्याशी बोलतानाही ते ओठांकडे बघत. भाभींचा आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकू येत होता. छातीत दुखायला लागलं ते नंतर, आणि ते फार दिवस चाललं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते श्रावणातल्या एका दुपारी. गुरुवार नव्हता. त्यांचं एक पुस्तक राखून ठेवलं होतं ते द्यायला गेले होते. दत्ताची भातलावणी उरकायची राहिली होती, तो आलेला नव्हता. भाभी आत झोपल्या होत्या. सर पडवीत गिटार घेऊनच बसले होते. मला बघून त्यांनी पायऱ्यांजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. पुस्तक बाजूला ठेवलं, वर्तमानपत्राचं कव्हर नंतर घालू म्हणाले.

त्यांनी अर्पेजिओ सुरू केला. मी चेहरा मोकळा सोडला. पहिले दोन सूर नीट आले. तिसऱ्याला त्यांचं बोट मागे पडलं, मी भुवई आत ओढली असणार, त्यांनी ते पुढे नेलं. मग वर गेले. पुन्हा खालून. डोंगराकडून धुकं उतरत होतं. आधी समोरचं चिंचेचं झाड गेलं, मग फाटक गेलं. आमच्याकडे त्या दिवसांत ते घरात शिरतं, कपडे ओले करतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाहता पाहता ते पडवीच्या पायऱ्या चढून आलं. सर वाजवत होते आणि माझ्याकडे बघत होते. मग ते जरा पुढे वाकले. डोळे बारीक केले. आणखी पुढे वाकले. एफवर येऊन त्यांचा हात थांबला.

“दिसत नाही, बाई,” ते म्हणाले, आणि तळहात तारांवर आडवा ठेवला.

मी स्टूल पुढे ओढते म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. उठून त्यांच्या खांद्याला हात लावला तर त्यांनी मान हलवली, आता राहू द्या, तुम्ही निघा, रस्ता दिसायचा नाही पुढे. मी चपला घातल्या. अंगणातून अंदाजाने फाटकापर्यंत गेले. कडी लावताना मागे पाहिलं, तर घर नव्हतंच. नुसतं पांढरं.

त्यातून गिटारचा आवाज आला. आता त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर लावला होता. मी गेले असं समजून त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली होती. अगदी सावकाश. जी आला. बी आला. तिसरा सूर अर्ध्याने खाली पडला, आणि ते तसेच पुढे गेले. मी फाटकाच्या ओल्या गजावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत उभी होते. माझी भुवई आत गेली असणार. ती पाहायला समोर कुणी नव्हतं.